रक्तातील एका आकड्यावरून मेंदूची सुरक्षितता ठरत नाही

डासांमुळे पसरणाऱ्या तापांची साथ आली की एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, वेस्ट नाईल किंवा जपानी मेंदूज्वर यांचा मेंदूवर परिणाम होतो तो फक्त प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या, म्हणून ताप आल्याबरोबर रक्तातील सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ हे दाहाचे निर्देशक तपासून घ्यावे, आकडे मर्यादेत असतील तर मेंदू सुरक्षित समजावा, वाढलेले असतील तर ताबडतोब स्टेरॉइड सुरू करावे, प्रतिकारशक्ती वाढवणारी गोळी रोज घ्यावी, आणि ताप उतरला की निर्धास्त व्हावे. वैद्यकीय शब्दांच्या पेरणीमुळे हा संदेश अभ्यासपूर्ण वाटतो आणि त्यामुळेच तो अधिक घातक ठरतो, कारण ज्या घटकेला रुग्णाला रुग्णालयात हलवायचे, त्याच घटकेला घरचे लोक अहवालातला आकडा पाहून थांबतात.

संदेशातील पहिले विधान अर्धवट खरे आहे आणि त्याचा खरा भाग नाकारण्याचे कारण नाही. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना वेस्ट नाईल विषाणूचा मेंदूदाह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. चिकुनगुनियाच्या रियुनियन बेटावरील २००५-०६ च्या साथीत मेंदूदाहाचे प्रमाण एक वर्षाखालील बालकांत आणि ६५ वर्षांपुढील वृद्धांत सर्वाधिक आढळले. परंतु ‘फक्त कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना’ हे म्हणणे टिकत नाही. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मध्ये झिकाची साथ आली, तेव्हा गिलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, ४२ रुग्ण नोंदले गेले. त्या सर्वांच्या रक्तात झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने तयार केलेली प्रथिने, होती. तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांत मात्र ती सुमारे ५६ टक्के जणांमध्येच सापडली. या लोकांची प्रतिकारयंत्रणा गप्प बसलेली नव्हती. जीबीएसमध्ये संसर्गानंतर जागी झालेली प्रतिकारयंत्रणाच हातापायांकडे जाणाऱ्या चेतांवर, म्हणजे नसांवर, हल्ला करते. धोक्याचे प्रमाण त्या साथीत दर ४,००० संसर्गांमागे सुमारे एक इतके होते, म्हणजे घबराट माजवण्याजोगे नव्हते. पण ज्यांना तो आजार झाला, त्यांना तो प्रतिकारशक्तीच्या अभावामुळे झाला असे म्हणता येत नाही.

डेंग्यूचा अनुभव आणखी गुंतागुंतीचा आहे. एका प्रकारच्या डेंग्यू विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रक्तात एका विशिष्ट मधल्या पातळीवर असताना दुसऱ्या प्रकारचा विषाणू आला, तर ती त्याला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करू शकतात. निकाराग्वातील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीतून २०१७ मध्ये हे माणसांच्या बाबतीत ठळकपणे दाखवले गेले. ज्यांच्यात प्रतिपिंडे भरपूर होती त्यांना संरक्षण मिळाले, पण त्या मधल्या पट्ट्यातील मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सर्वाधिक होता. मग प्रतिकारशक्ती ‘कमी’ की ‘जास्त’, हा प्रश्नच अपुरा ठरतो.

वेस्ट नाईलच्या संशोधनाने ही गोष्ट आणखी जवळून दाखवली आहे. पांढऱ्या पेशींवर सीसीआर-५ नावाचे, रासायनिक संकेत टिपणारे एक प्रथिन असते आणि काही लोकांत ते जनुकातील त्रुटीमुळे जन्मतःच नसते. अशा लोकांना एचआयव्हीच्या संसर्गापासून मोठे संरक्षण मिळते. परंतु वेस्ट नाईलचा संसर्ग झाला तर त्यांच्यात लक्षणांसह आजार उद्भवण्याची शक्यता वाढते, असे २००६ मध्ये दिसून आले. उंदरांवरील प्रयोगांतून त्याचे कारणही कळले: विषाणूशी लढणाऱ्या पेशींना मेंदूपर्यंत पोहोचायला हेच प्रथिन लागते. पुढे २०२३ मध्ये असे आढळले की वेस्ट नाईलचा मेंदूदाह झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे होती. इंटरफेरॉन ही विषाणूविरुद्धची सर्वांत पहिली फळी. ती आतूनच मोडलेली असते आणि माणूस एरवी धडधाकट असू शकतो. ही मोडतोड सीआरपीच्या तपासणीत दिसत नाही.

गोळ्यांचा मुद्दा इथेच संपवतो. जी यंत्रणा एका विषाणूपासून वाचवते आणि दुसऱ्याच्या वेळी उणी पडते, जिची प्रतिपिंडे कधी संरक्षण देतात आणि कधी इजा करतात, तिला सरसकट ‘वाढवण्याचे’ आश्वासन देणाऱ्या गोळीने या आजारांतील मेंदूची गुंतागुंत टळते, याला कोणताही पुरावा नाही. प्रतिकारयंत्रणेला नेमक्या विषाणूची ओळख करून देणारी गोष्ट म्हणजे लस, आणि जपानी मेंदूज्वराविरुद्ध ती उपलब्ध आहे; संदेशात तिचा उल्लेखही नाही, याचे मला वाईट वाटते.

आता संदेशाच्या गाभ्याकडे येऊ: रक्तातील आकडे मर्यादेत असतील तर मेंदू सुरक्षित. सीआरपी यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेतरी दाह आहे एवढेच ती सांगते. विषाणुजन्य आजारात तर ती अनेकदा फारशी वाढतही नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक अडसर असतो. त्यामुळे रक्तात जे घडते ते मेंदूत घडत असेलच असे नाही, आणि मेंदूत पेटलेला दाह रक्तात उमटेलच असेही नाही. व्हिएतनाममधील जपानी मेंदूज्वराच्या रुग्णांच्या अभ्यासात इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि अल्फा इंटरफेरॉन यांचा मृत्यूशी संबंध दिसला खरा, पण ती वाढलेली पातळी पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात, म्हणजे मेंदू-मेरुजलात, मोजलेली होती. ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या त्याच द्रवात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे अधिक होती. एकाच नमुन्यातील एक निर्देशक वाढणे वाईट आणि दुसरा वाढणे चांगले, असे हे चित्र आहे.

निदानासाठी मेंदू-मेरुजलाची तपासणी कशी वाचली जाते, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून काही मिलिलिटर द्रव काढतात. निरोगी प्रौढाच्या त्या द्रवात एका मायक्रोलिटरमध्ये पाचपर्यंतच पांढऱ्या पेशी असतात. मेंदूदाहात त्या दहापट, शंभरपटही वाढू शकतात, मात्र डेंग्यूच्या मेंदूदाहात त्या कधी कधी सामान्यही राहतात. त्यानंतर त्याच द्रवात विषाणूविरुद्धचे आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारे प्रतिपिंड, शोधले जाते. आयजीएमचा रेणू पाच एककांचा आणि आकाराने मोठा असल्यामुळे तो अडसर ओलांडून रक्तातून सहज आत जात नाही. म्हणून मेंदू-मेरुजलात तो सापडला, तर संसर्ग आतपर्यंत पोहोचल्याचा तो भक्कम पुरावा मानला जातो. वेस्ट नाईलमध्ये तर मेंदूची लक्षणे दिसू लागेपर्यंत रक्तातील विषाणू बहुधा ओसरलेला असतो, त्यामुळे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी रक्ताची पीसीआर चाचणी निगेटिव्ह येऊनही आजार असू शकतो. आयजीएमच्या तपासणीलाही मर्यादा आहेत. पहिल्या काही दिवसांत आयजीएम तयार झालेले नसते. रिटुक्सिमॅबसारखे, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी कमी करणारे औषध घेणाऱ्यांत ते तयारच होत नाही असेही घडते. आणि डेंग्यू, झिका, वेस्ट नाईल व जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले विषाणू असल्याने एकाचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकते. इतक्या काळजीने वाचाव्या लागणाऱ्या तपासणीची जागा बोटभर रक्तातील एका आकड्याला देणे मला मान्य होत नाही.

शिवाय साधे गणितही संदेशाच्या विरोधात जाते. वेस्ट नाईलचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना काहीच जाणवत नाही आणि साधारण १५० जणांमागे एकालाच मेंदूचा गंभीर आजार होतो. धोका असलेल्या १०० पैकी ९० जणांना ओळखणारी आणि धोका नसलेल्या १०० पैकी ९० जणांना योग्य रीतीने वगळणारी एखादी उत्तम रक्तचाचणी आहे, असे क्षणभर गृहीत धरू. १५,००० संसर्गित लोकांत ती केली, तर मेंदूचा आजार होणाऱ्या १०० जणांपैकी ९० ती बरोबर पकडेल, पण उरलेल्या १४,९०० पैकी १,४९० जणांनाही ती विनाकारण धोक्यात दाखवेल. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या १,५८० लोकांपैकी जेमतेम सहा टक्क्यांना खरा धोका असेल, आणि दहा जण ‘सुरक्षित’ असा अहवाल हातात असताना आजारी पडतील. सीआरपी तर या काल्पनिक चाचणीच्या जवळपासही पोहोचत नाही.

‘आकडे वाढले की स्टेरॉइड’ हा सल्ला यातला सर्वांत धोकादायक भाग आहे. दाह वाढला की दाह दाबावा, हा विचार वरवर पटण्याजोगा आहे आणि तो वैद्यकांनी प्रामाणिकपणे तपासूनही पाहिला आहे. जपानी मेंदूज्वरात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी थायलंडमध्ये झाली, तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले आणि रुग्णांना लाभ दिसला नाही. उलट बाजूने, विषाणूविरोधी फळी मजबूत करावी म्हणून व्हिएतनाममध्ये मुलांना अल्फा इंटरफेरॉन देऊन पाहिले गेले. २००३ च्या निष्कर्षांत त्याचाही उपयोग झाला नाही. उंदरांत वेस्ट नाईलच्या वेळी चेतापेशी सीएक्ससीएल-१० नावाचा एक रासायनिक संकेत सोडतात, तो वाढलेला दिसतो, पण विषाणू संपवणाऱ्या टी-पेशी त्याच्याच हाकेने मेंदूत येतात. तो संकेत काढून टाकला तर विषाणू माजतो. त्यामुळे वाढलेला प्रत्येक निर्देशक दाबण्याजोगा शत्रू नसतो. संसर्गानंतर प्रतिकारयंत्रणेच्या चुकीमुळे होणाऱ्या आजारांतही उपचार एकसारखे नाहीत: मेंदूतील चेतातंतूंचे आवरण सोलून काढणाऱ्या एडीईएममध्ये स्टेरॉइड दिले जाते, तर जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होत नाही आणि इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हा उपचार असतो. दोन्हींत दोष प्रतिकारयंत्रणेचाच, तरी औषध वेगळे. हा निवाडा तपासणी आणि एमआरआय पाहून मेंदूविकारतज्ज्ञाने करायचा असतो.

राहिला ताप उतरण्याचा मुद्दा. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा बिकट काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमका ताप उतरू लागतानाच सुरू होतो. रक्तदाब घसरणे, यकृत निकामी होणे किंवा सोडियम कमी होणे यांमुळे विषाणू मेंदूत न शिरताही रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. फ्रेंच पॉलिनेशियातील जीबीएसच्या रुग्णांत विषाणूची लक्षणे आणि चेतांची लक्षणे यांच्यात साधारण सहा दिवसांचे अंतर होते, म्हणजे ताप विस्मरणात जाऊ लागल्यावर पाय लुळे पडू लागले. म्हणून ताप असो वा नसो, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, मान आखडणे, चेहरा वाकडा होणे, पायांतून वर चढत जाणारी अशक्तता, श्वासाला धाप किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही दिसले, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. तिथे डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: तापाचा पहिला दिवस कोणता, कारण आयजीएमचा अर्थ त्यावरून लावला जातो, जपानी मेंदूज्वराची किंवा पीतज्वराची लस पूर्वी घेतली आहे का, कारण तिची प्रतिपिंडे चाचणीत मिसळतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे एखादे औषध चालू आहे का.