परभणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: खर्च दिसतो, ऐपत दिसत नाही

परभणीकर, प्रतिक्रिया तुम्ही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं असं: माझ्या आधीच्या लेखातले खर्चाचे जातनिहाय आकडे म्हणजे भांडणं लावायचे धंदे. दलित वस्तीत दारोदार मोटारसायकली आहेत आणि मराठा शेतकरी कर्जात बुडालाय. मोजायचंच तर जात नको, एकर मोजा.

मी दिलेले आकडे 2022-23 च्या सरकारी घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातले, देशाच्या ग्रामीण भागाचे. दरमहा दरडोई खर्च आदिवासींचा 3,016 रुपये, अनुसूचित जातींचा 3,474, ओबीसींचा 3,848 आणि 'इतर' 4,392. या 'इतर'मध्ये दोन एकरवाला मराठाही येतो आणि देशभरातले बडे बागायतदारही. तेव्हा ही सरासरी तुमची नव्हे, हे अगदी मान्य. ओबीसींच्या रकान्यातही तीच खिचडी आहे.

मोटारसायकलीचं मात्र पटत नाही. हे आकडे खर्चाचे आहेत, कमाईचे नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या जोडप्यानं त्यातून दवाखान्याचं बिल भागवलं, की त्यांचा खर्च वाढलेला दिसतो. ती उचल पुढे फडात ऊस तोडून फेडायची असते, हे त्या आकड्यात कुठेच नाही. उलट कुणी सोयाबीन विकून पीककर्ज फेडलं किंवा शेजारचं रान विकत घेतलं, तर त्यातला रुपयाही उपभोग खर्चात धरत नाहीत. म्हणून खर्चातली दरी ऐपतीतल्या दरीपेक्षा सहसा लहानच दिसते. तुम्हाला वस्ती सुधारलेली दिसते, ती या हिशेबानं.

कर्ज तुमच्यावरही आहे, खरंय. पण तुमच्याकडे सातबारा आहे, म्हणून हेलपाटे मारायला लावून का होईना, बँक पीककर्ज देते. मराठवाड्यात गायरानं, म्हणजे गावची सरकारी चराऊ जमीन, कसणाऱ्यांत भूमिहीन दलित मोठ्या संख्येनं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही मालक म्हणून ज्याचं नाव लागलेलं नाही, त्याला कोण पीककर्ज देणार? तो सावकाराकडे जातो, नाहीतर मुकादमाकडे. एकर मोजायला माझी ना नाही, पण मोजायला बसलात की जात तिथेही हजर असते.

आणि एकरच मोजायचे, तर जायकवाडीच्या कालव्याखालचे दोन आणि पाटोद्याच्या माळावरचे दोन कोरडवाहू एकर वेगळे धरा. तुमच्या प्रतिक्रियेत ते एकत्रच आहेत.