ब्रेकआउट केबल म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे

ब्रेकआउट केबल म्हणजे एका टोकाला एक जाड प्लग आणि दुसऱ्या टोकाला चार छोटे प्लग असलेली नेटवर्कची केबल; स्विच (यंत्रांना नेटवर्कने जोडणारी पेटी) आणि सर्व्हर जोडायला ती वापरतात. १००जी म्हणजे सेकंदाला १०० गिगाबिट. सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘१००जी पोर्टला पॅसिव्ह तांब्याची ब्रेकआउट केबल लावली की चार सर्व्हर मिळून १००जी वापरतात; एक गप्प असला की त्याचा वाटा उरलेल्यांना. आत नुसती तार, त्यामुळे कुठल्याही स्विचला, कुठूनही लावा. फक्त तांबं फायबरपेक्षा हळू.’ यात पुरतं खरं एवढंच, की आत तांबं असतं.

आधी वाटणीचं बघू. क्यूएसएफपी२८ या प्रकारच्या १००जी पोर्टात २५जीच्या चार लेन, म्हणजे चार स्वतंत्र मार्ग, असतात. केबलच्या जाड टोकाशी तारांच्या आठ जोड्या येतात, दर लेनला एक पाठवायची आणि एक घ्यायची. तिथून दोन-दोन जोड्या २५जीच्या चार छोट्या टोकांकडे (एसएफपी२८) जातात. वाटेत सिग्नल कुठेच वाटला जात नाही. तीन सर्व्हर बंद ठेवा, चौथ्याला २५जीच्या वर काही मिळणार नाही. या चार वेगळ्या केबलीच आहेत, एका बाजूला एकाच प्लगमध्ये कोंबलेल्या.

म्हणूनच ‘कुठूनही लावा’ हेही जमत नाही. पोर्ट चार भागांत चालव, असं स्विचला सांगावं लागतं. काही स्विचांत त्यापायी शेजारचा पोर्ट बंद पडतो. उलटी लावून जाड टोक सर्व्हरच्या १००जी नेटवर्क कार्डात खुपसलंत, तर बहुतेक कार्डांना चार स्वतंत्र लिंक चालवताच येत नाहीत.

‘नुसती तार’ अर्धवट खरं. सिग्नल वाढवणारं आत काही नसतं, म्हणून ती पॅसिव्ह. पण प्रत्येक टोकात एक बारकी मेमरी चिप असते: प्रकार, लांबी, उत्पादक. लिनक्सवर इथटूल या आज्ञेने ती वाचता येते. स्विचही ती वाचतो, आणि नोंद पसंत पडली नाही तर काही स्विच पोर्ट चालूच करत नाहीत.

सिग्नल वाढवणारं काही नाही, म्हणून लांबीही बेताची. आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१६च्या ८०२.३बीवाय मानकात २५जी तांब्याला आरएस-एफईसी (थोडक्यात एफईसी) ही चूक-दुरुस्ती असेल तर ५ मीटर, नसेल तर ३. लेनमागे १००जीवर गेलात की २०२२च्या मानकात २ मीटरच. आणि एका टोकाला एफईसी चालू, दुसऱ्याला बंद असेल, तर केबल धडधाकट असूनही लिंकचा दिवा लागत नाही. मग माणूस केबली बदलत बसतो. मीही बसलोय.

उरला वेग. तांबं असो की फायबर, मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद. ३ मीटरला १५. खरा वेळ जातो चूक-दुरुस्तीत: आरएस-एफईसीचा एक ब्लॉक ५,२८० बिटांचा. २५जीवर तो पुरता हाती यायलाच २०० नॅनोसेकंद लागतात, आणि तो आल्याशिवाय तपासता येत नाही. २५जी-एसआर या मल्टिमोड फायबरवरच्या (आखूड अंतराच्या फायबरवरच्या) प्रकाराला ही एफईसी सक्तीची आहे. चांगल्या, आखूड तांब्याच्या केबलवर ती बंद ठेवता येते. म्हणजे तिथे उलट तांबंच जलद.