खांद्यामागचा कॉक

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर स्वतः चालवत असलेलं विमान पडून गेला, त्या अपघातावरच्या लेखात मी 'इंजिनात बिघाड नव्हता, चूक वैमानिकाची' असं एका ओळीत उरकलं, त्यावर तुम्ही चिडलात. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर फोडतात. इंजिन हवेत बंद पडलं, तो बिघाड नाही तर काय, असं तुमचं म्हणणं.

त्या ओळीबद्दल कान पकडतो. पण तुमचंही सगळं पटलेलं नाही.

इंजिन धड होतं, त्याला पेट्रोल पोचलं नाही. विमान लाँग-ईझी, आराखडे आणून हौशी माणसाने घरी बांधलेलं, डेन्व्हरने नुकतंच घेतलेलं. गाठीशी २,७०० तासांहून जास्त उड्डाण, पण या विमानाची ओळख आदल्या दिवशीच्या अर्ध्या तासाची. मूळ आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याने तो नेला डाव्या खांद्याच्या मागे.

जुनी मोटरसायकल चालवली असेल तर रिझर्व्ह आठवा. गाडी गचके देऊ लागली की डावा हात खाली, नजर रस्त्यावर, चाचपून कॉक फिरवायचा. आता तोच कॉक मागे कॅरिअरपाशी आहे आणि त्यावर कसलीही खूण नाही, असं धरा. डेन्व्हरला उजवा हात विमान चालवायच्या दांड्यावरून काढून, पट्टा सैल करून, अख्खं अंग डावीकडे वळवून मागे पोचावं लागणार होतं. तपास अधिकाऱ्याने तसंच बसून करून पाहिलं. दर वेळी तोल सावरायला त्याचा उजवा पाय आपसूक उजव्या रडरवर, म्हणजे विमानाचं नाक उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर, दाबला गेला.

१२ ऑक्टोबर १९९७ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेहून निघण्याआधी तंत्रज्ञाने पेट्रोल भरू का विचारलं. तासाभराचंच उड्डाण, नको, डेन्व्हर म्हणाला. कॉकचा दांडा लांब व्हावा म्हणून दोघांनी पकड लावून पाहिली, जमलं नाही. पुढे पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावरून ज्यांनी पाहिलं, त्यांच्या अंदाजाने विमान जेमतेम ३५० ते ५०० फुटांवर होतं. एवढ्या उंचीवर अंग वळवून चाचपडायला वेळ कुठला?

अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने वैमानिकाचं नाव पहिलं घेतलं हे खरं. पण अवघड जागी बसवलेला कॉक, खुणा नसलेले पेट्रोलचे गेज, अपुरी तयारी हेही कारणांत मोजलं. तो अर्धा भाग मी गाळला होता. तुमचा राग तिथे रास्त आहे.

आता जे पटलं नाही ते. 'इंजिन गेलं म्हणजे माणूस गेला', हे नाही. सेस्ना १७२ हे छोटं चार आसनी विमान हजार फुटांवर इंजिनाशिवाय सोडलं तर वारा नसताना ते साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. शेत, रिकामा रस्ता, काहीतरी मिळू शकतं. माणूस मरतो तो बहुतेकदा पुढच्या काही सेकंदांत: जमीन जवळ येताना दिसते म्हणून नाक वर ओढतो, किंवा सुटलेल्या धावपट्टीकडे गर्रकन वळतो. ६० अंश कलून उंची टिकवत वळायचं म्हटलं तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलत नाहीत तो, ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ जाताना पुरेसा असलेला वेग तिथे पुरत नाही, आणि विमान पडतं ते इंजिनामुळे नव्हे. याला चूक म्हणायचं नाही, तर ती टाळायला शिकवायचं कसं?

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा, तुम्ही लिहिला नाहीत म्हणून मीच देतो. दमट हवेत, वीसेक अंश तापमानातसुद्धा, कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. तपासाची माणसं येईपर्यंत तो वितळलेला असतो. मग इंजिन उघडून पाहिलं तर ठणठणीत.

लेखातली ती ओळ आज बदलली. 'बिघाड नव्हता' तसंच ठेवलंय, पुढे कॉकचा परिच्छेद घातलाय. मागचे गेज दिसावेत म्हणून तंत्रज्ञाने डेन्व्हरला एक छोटा आरसा दिला होता. तोही राहून गेला होता, तोही घातला.