१० हजार पावलांचं भूत

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला, "रोज १० हजार पावलं झाली नाहीत तर चालणं फुकट", म्हणून लिहितोय. हा आकडा कुठल्या पक्क्या अभ्यासातून आलेला नाही बे, १९६५ ला जपानमध्ये कंबरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातच ती!

२०१९ ला अमेरिकेत १६ हजारांवर बायकांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२. दिवसाला २७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं आणि साधारण ७५०० नंतर फरक वाढायचा थांबला. आता चालल्यामुळे जगल्या की तब्येत धड होती म्हणून चालू शकल्या, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही, आणि आकडे वयस्कर बायकांचे आहेत, तरण्या पोरांनी लगेच खूश होऊ नका.

आमची आई गुडघा धरत का होईना, सिद्धेश्वर तलावाकाठी रोज जाऊन येते. परवा हा मेसेज वाचून सोलापूरच्या भर मे महिन्यातल्या उकाड्यात, मोबाईल पदरात बांधून हॉलमध्ये फेऱ्या चालू, "अजून तीन हजार राहिलेत" म्हणत. बसवलं तिला, आधी ताक दिलं.