अक्षरांना सूज

लिनक्सवर ग्नोम सोडून केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरचा सगळा थाटमाट, वापरून पाहिला, पटला नाही, पुन्हा ग्नोमवर आलो. प्लाझ्माची सगळी पॅकेजेस काढून टाकली, तरी स्क्रीनवरची अक्षरं सुजलेलीच. टर्मिनलमध्ये ग्नोमच्या सेटिंग्ज मूळपदावर आणणारी जीसेटिंग्जची रीसेट कमांड दिली. फॉन्टचं नाव मूळपदावर आलं, सूज तशीच.

नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी काका आले. घोडबंदर रोडला राहायचं म्हणजे टँकरच्या नोटिसा आल्याच, आणि त्या छापायचा मान माझा. काका खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "वा! ठळक केलंस ते बरं केलंस."

"केलं नाही काका, झालंय. लिनक्सचं..."

"थांब, भाचा ऐरोलीला आयटीत आहे." फोन स्पीकरवर.

भाच्याने विचारलं, "विंडोज कुठलं?"

"विंडोज नाहीये."

पलीकडे शांतता. मग, "मामा, मीटिंगमध्ये आहे."

काका माझ्याकडे संशयाने बघू लागले. "चोरीचं आहे का रे?"

"नाही हो, अधिकृतच फुकट असतं."

"हां! मग तक्रार कोणाकडे करणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून जास्त राग आला. १९९६ साली केडीई सुरू झालं, ते ज्या क्यूटी नावाच्या सामग्रीवर उभं होतं तिचं लायसन्स खटकलं म्हणून १९९७ साली ग्नोम. या भाऊबंदकीत वापरणाऱ्याने का भरडायचं? बरं, मूळ फॉन्ट म्हणजे तरी कुठला? जुने लेख सांगतात कँटारेल लावा. ग्नोम ४८ ने २०२५ मध्ये तो बदलून अद्वैता सान्स केला. आणि पॅकेज काढलं तरी होम फोल्डरमधल्या सेटिंगच्या फायलींना कोणी हात लावत नाही. टिंब लावून लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात, फॉन्टकॉन्फिगच्या आत, प्लाझ्माने लिहिलेली फॉन्ट्स डॉट कॉन्फ ही फाइल आरामात बसली होती. अक्षरांच्या कडा कशा घासायच्या ते अजूनही तीच ठरवत होती. तिचं नाव बदललं, लॉगआउट-लॉगइन केलं. अक्षरं सडपातळ!

"हे काय, बारीक केलंस?" काका. "जोशी आजींना दिसायचं नाही. मघाचंच कर."

सूज फक्त स्क्रीनवर होती, कागदावर येत नाही, हे समजावण्यापेक्षा मी लिब्रेऑफिसमध्ये बोल्ड दाबलं. शाई माझी, कागद माझा. "मेंटेनन्समधून वळते करा," म्हटलं, तर काका नोटिशीची घडी घालत म्हणाले, "तुझं तर सगळं फुकटचंच असतं ना?"