बूस्टर, काँक्रीटच्या भिंती आणि जबाबदारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरातील आणि इमारतीतील बिनतारी उपकरणांवरच्या माझ्या लेखाला आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला आक्षेप असा की, मी मोबाइल बूस्टरला, म्हणजे टॉवरचा क्षीण संकेत वाढवून घरात सोडणाऱ्या यंत्राला, सरसकट विरोध केला. आपल्या आई कोथरूडला तळमजल्यावर एकट्या राहतात, तिथे रेंज येत नव्हती, बाजारातून आणलेल्या बूस्टरने ती अडचण सुटली आणि अशा माणसाला नियम सांगणे हे निष्ठुरपणाचे आहे. दुसरा असा की, ग्राहक दरमहा पैसे मोबाइल कंपनीला देतो, तेव्हा घरात सिग्नल पोहोचवणे हे तिचेच काम असून मी ते सोसायटीच्या आणि रहिवाशांच्या गळ्यात घातले. तिसरा असा की, 'कमी पल्ल्याच्या उपकरणांचा बाजार तंत्रज्ञानाने नव्हे, परवानामुक्त लहरींच्या नियमांनी घडवला' हे माझे विधान अतिशयोक्त आहे.

तिसऱ्या आक्षेपात आपण बऱ्याच अंशी बरोबर आहात, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये रेडिओलहरींचे काही पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांच्या गोंगाटामुळे कोणाला फारसा नकोच होता. पुढे वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही तिथेच वाढले. भारतात हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. या क्रमावरून मी निष्कर्ष काढला होता की, आधी परवानगी येते आणि मागाहून बाजार येतो.

परंतु अल्ट्रा-वाइडबँडचा, म्हणजे अतिशय रुंद पट्टा वापरणाऱ्या कमी पल्ल्याच्या बिनतारी तंत्राचा, इतिहास माझ्या विरोधात जातो आणि तो लेखात यायला हवा होता. अमेरिकेने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा प्रचंड पट्टा या तंत्रासाठी २००२ मध्येच खुला केला. तरीही मानकावरून, म्हणजे सर्वांनी पाळायच्या समान तांत्रिक नियमांवरून, दोन गटांत एकमत झाले नाही आणि जानेवारी २००६ मध्ये मानक ठरवणारी समितीच बरखास्त झाली. सर्वसामान्यांच्या खिशात हे तंत्र आले ते २०१९ च्या आयफोन ११ मधून, आणि तेही मूळ कल्पनेप्रमाणे जास्त वेगाने माहिती वाहण्यासाठी नव्हे, तर वस्तूचे अंतर आणि दिशा अचूक ओळखण्यासाठी. म्हणजे परवानगी असूनही सतरा वर्षे मोठा बाजार उभा राहिला नाही. तेव्हा माझे विधान मी असे दुरुस्त करतो : मोकळ्या लहरींवाचून असा बाजार उभा राहत नाही, पण केवळ त्यांच्या जोरावरही तो उभा राहत नाही.

नियमांचे महत्त्व मात्र मी सोडत नाही, कारण त्याचा फटका आपल्यातल्या अनेकांना नकळत बसतो. न्यू जर्सीहून येणारे नातेवाईक प्रेमाने कॉर्डलेस फोन आणतात किंवा बाळाच्या खोलीत ठेवायचा ध्वनिप्रक्षेपक (बेबी मॉनिटर) आणतात. अमेरिकेतला आजचा कॉर्डलेस फोन साधारणपणे १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. तिथे तो पट्टा त्याच्यासाठीच राखलेला आहे. भारतात मात्र याच लहरींवर मोबाइल फोन टॉवरकडे बोलत असतात. तीच गत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या अमेरिकी उपकरणांची, कारण आपल्याकडे ९१५ पर्यंतचा भाग मोबाइलचा आहे आणि छोट्या उपकरणांसाठी ८६५ पासूनचा वेगळा पट्टा दिलेला आहे. उपकरण निर्दोष असते, आणणाऱ्याचा हेतूही निर्मळ असतो. तरीही ते परक्या वाटेवर उभे राहून बोलत असते. आपल्या बूस्टरविषयी मला हेच म्हणायचे आहे.

बूस्टर दोन्ही दिशांनी काम करतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. गच्चीवरचा अँटेना टॉवरचा संकेत पकडतो, यंत्र तो वाढवते आणि घरातला अँटेना तो खोलीत सोडतो. त्याच वेळी फोनकडून निघालेला संकेत उलट वाटेने वाढवून टॉवरकडे पाठवला जातो. या दोन अँटेनांमध्ये पुरेसा आडोसा नसेल, तर एकातून बाहेर पडलेला संकेत दुसऱ्यात पुन्हा शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा बाहेर पडतो. सभागृहात माइक कर्ण्यासमोर धरला की जी शिट्टी सुरू होते, तीच इथे रेडिओलहरींची सुरू होते. ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही, म्हणून ज्याच्या घरात ती चालू आहे त्याला ती कधीच कळत नाही.

तिचे परिमाण एका साध्या हिशोबाने दाखवता येते. १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात निसर्गतः असणारा गोंगाट सुमारे उणे १०४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत शक्ती सांगणारे माप) एवढा क्षीण असतो आणि टॉवरवरचा रिसीव्हर त्याच्याशी बरोबरी करणारे संकेतही ऐकू शकेल इतका संवेदनशील असतो. शिट्टीच्या अवस्थेतील बूस्टर १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम, बाहेर टाकत आहे आणि टॉवरपर्यंत पोहोचेतो त्यातले १०० डेसिबल (दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते) गळाले असे धरू. तरी तिथे उणे ८० डीबीएम पोहोचतात, म्हणजे नैसर्गिक गोंगाटापेक्षा २४ डेसिबल अधिक, अर्थात सुमारे अडीचशे पट. त्या टॉवरच्या कडेला असलेल्या फोनचा आवाज या गोंगाटात बुडतो. आपल्या आईंच्या फोनवर पूर्ण रेंज दिसत असताना दोन गल्ल्या पलीकडच्या एखाद्या आजोबांचा रुग्णवाहिकेला केलेला फोन लागत नसेल, आणि या दोन गोष्टींचा संबंध दोघांपैकी कोणाच्याही लक्षात येणार नाही. निष्ठुरपणाचा आरोप मला लागला, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

अमेरिकेत असे बूस्टर उघड विकले जातात, असे आपण लिहिले आहे आणि ते खरे आहे. पण तिथे २०१३ च्या नियमांनंतर घरगुती बूस्टरला अटी लागल्या : स्वतःची शिट्टी ओळखून त्याने आपोआप बंद झाले पाहिजे, टॉवर जवळ असेल तर आपली ताकद स्वतः कमी केली पाहिजे, आणि वापरणाऱ्याने त्याची नोंद मोबाइल कंपनीकडे केली पाहिजे. आपल्याकडे अशी सर्वसाधारण मोकळीक नाही. १९३३ च्या बिनतारी तारयंत्र कायद्यापासून परवान्याविना असे यंत्र जवळ बाळगणेच गुन्हा ठरत आले आहे. भारतासाठीही अटींसह मोकळीक द्यावी असे आपण म्हणाला असतात, तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो, आणि आजही राहीन.

यात आणखी एक व्यावहारिक भाग आहे. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त बूस्टर ९००, १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेले असतात, जिथे जाण्याची आणि येण्याची वाट वेगवेगळी असते. ४-जीचा २३०० आणि ५-जीचा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा मात्र एकाच वाटेवर आळीपाळीने बोलतो. एका मिलिसेकंदात टॉवर, पुढच्या मिलिसेकंदात फोन. ही पाळी अचूक न ओळखणारा बूस्टर तिथे निरुपयोगी तरी ठरतो किंवा उपद्रवी तरी.

आता भिंतींकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही तिथेच आहे. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या विटांच्या भिंती रेडिओलहरींना फारशा अडवत नसत. मुंबई-पुण्यातील कितीतरी नवे मनोरे मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून, उभे राहतात. त्यात खोल्यांमधल्या भिंतीही सळयांच्या जाळीसकट काँक्रीटच्या असतात. अशी एक भिंत साधारण १० ते २० डेसिबल खाते. १० डेसिबल म्हणजे दहापट आणि २० म्हणजे शंभरपट घट. या उलट, उपकरणाची शक्ती दुप्पट केली तर हाती येतात फक्त ३ डेसिबल. एका भिंतीने शंभर रुपयांतले नव्व्याण्णव काढून घ्यायचे आणि आपण उरलेल्या एकाचे दोन करायचे, असा हा व्यवहार आहे. शिवाय संभाषण दोन्ही बाजूंनी असते. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि तो आवाज त्याच भिंतीतून परत यायचा असतो.

म्हणूनच ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला भारतात उशीर झाल्याने घरातले वायफाय मागे पडले, हे आपले मत मला अर्धेच पटते. उशीर झाला हे खरे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. आपल्या दूरसंचार विभागाने खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला तो मे २०२५ मध्ये. १२०० मध्ये १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या सात वाहिन्या मावतात, ५०० मध्ये तीन. गजबजलेल्या इमारतीत हा फरक जाणवणारच. परंतु या लहरी काँक्रीटसमोर २.४ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर थकतात. त्यांचा खरा उपयोग त्या घराला होईल, जिथे प्रत्येक मोठ्या खोलीत छोटे केंद्र आहे आणि तिथवर तार गेलेली आहे. बिनतारी सुविधेचा पाया तारच आहे; इमारत बांधताना विजेच्या नळ्यांबरोबर नेटवर्कच्या तारेची एक नळी टाकली असती, तर आज निम्म्या तक्रारी उद्भवल्या नसत्या.

मोठ्या इमारतीत मोबाइलचा सिग्नल देण्याची रीतही तारेचीच आहे. तळघरात किंवा गच्चीवर कंपन्यांची यंत्रे असतात आणि तिथून प्रत्येक मजल्यावरच्या लहान अँटेनांपर्यंत तारा जातात. जुन्या व्यवस्थांमधील तारा आणि जोडभाग बहुधा २७०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या कामासाठी निवडलेले असतात, त्यामुळे ५-जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांतून नीट वाहत नाही आणि बरेच काम नव्याने करावे लागते. हा खर्च कोणी करायचा? इथे आपण म्हणता, कंपनीने. मी म्हणतो, यंत्रांचा खर्च कंपनीने, पण जागा, नळ्या, वीज आणि प्रवेश इमारतीने, आणि तोही सर्व कंपन्यांना समान अटींवर. ही विभागणी माझ्या मनाची नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये इमारतीत एकाच कंपनीला मक्ता देण्याच्या प्रथेविरुद्ध शिफारसी केल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे विनियम काढले. घर घेताना पाण्याची टाकी आणि लिफ्ट जशी पाहिली जाते, तसे हे तारांकन पाहिले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ही विभागणी आधी ठरली नाही तर काय होते, ते मुंबईच्या भूमिगत मेट्रो-३ च्या प्रवाशांनी अनुभवले. स्थानकांवर आणि बोगद्यात मोबाइल चालेना. आणि मोबाइल कंपन्या व मेट्रोचे व्यवस्थापन यांच्यातील वाद तंत्रज्ञानाचा नव्हता, आतली यंत्रणा कोणी बसवायची आणि कोणत्या अटींवर याचा होता. जमिनीखाली सिग्नल पोहोचवण्याची विद्या जगाला कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

आता आपल्या आईंच्या घराविषयी, कारण आपली प्रतिक्रिया मुळात त्यांच्या काळजीतून आली आहे. लेखात मी वायफाय कॉलिंगचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलो, ही माझी चूक होती. भारतात ही सोय डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी सुरू केली. फोनचा आवाज घरच्या इंटरनेटवरून थेट कंपनीच्या यंत्रणेपर्यंत जातो, टॉवरची गरज राहत नाही आणि नंबरही तोच राहतो. त्यावर आपण लिहिले आहे, 'लाइट गेली की राउटर बंद, मग आईने काय करायचे?' या प्रश्नाचा विचार मी केला नव्हता आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो बसवल्यास घरातला भाग सुटतो. पण तेवढ्याने भागेल की नाही, हे इंटरनेट घरात कसे येते यावर अवलंबून आहे. फायबर थेट घरात येत असेल, तर वाटेतल्या फाट्यांना वीज लागत नाही आणि जोडणी टिकण्याची शक्यता चांगली असते. केबलवाल्याने जिन्यात स्विच बसवून तिथून तांब्याची तार दिली असेल, तर इमारतीची लाइट गेल्यावर तो स्विचही बंद पडेल आणि घरातल्या यूपीएसचा उपयोग होणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला कोथरूडला जाल तेव्हा तार कुठून येते ते आधी पाहावे. ती फायबर असेल, तर यूपीएस लावून फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करावे आणि मेन स्विच बंद करून एक फोन लावून बघावा. तो लागला की बूस्टर काढून ठेवावा. तार जिन्यातल्या स्विचमधून येत असेल, तर मला इथेच कळवावे; सोसायटीला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी स्वतः लिहून देईन.