‘अंटार्क्टिका हिरवा होतोय’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आधी सोसायटीच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या, मग माहेरच्या. वर हिरव्यागार खडकांचा फोटो आणि खाली मजकूर असा: अंटार्क्टिका हिरवा होतोय, म्हणजे तिथली जीवसृष्टी वाढतेय, ही आनंदाची बातमी. बाहेरच्या प्रजातींचा शास्त्रज्ञ उगाच बाऊ करतात, त्या थंडीत बाहेरचं काही तग धरत नाही. धरलं तरी प्राणी-वनस्पती लाखो वर्षं इकडून तिकडे जातच आल्या आहेत. आता हे थांबवणं कुणाच्या हातात नाही. आणि मुंबईत बसून आपल्याला काय त्याचं?

सोसायटीच्या ग्रुपवर तो टाकणारे काका आमच्याच मजल्यावरचे. वाचणारे आहेत. त्यांना नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून गप्प करणं मला पटलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

काका, हिरवळीचं म्हणाल तर ती खरी आहे. दक्षिण अमेरिकेच्या दिशेने निघालेला जो अंटार्क्टिक द्वीपकल्प आहे, तिथली वनस्पतींनी झाकलेली जमीन उपग्रहाच्या चित्रांवरून मोजली गेली. 1986 मध्ये ती 1 चौरस किलोमीटरसुद्धा नव्हती, 2021 मध्ये 12 च्या आसपास होती. त्यात मुख्यतः मॉस आहे, आपल्याकडे पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर चढते ना, तीच मखमल. तिथलंच आहे ते, बाहेरचं नाही. पण ते वाढतंय कारण 1950 पासून तिथलं तापमान जवळजवळ 3 अंशांनी चढलंय. आणि मॉस मरून कुजलं की उघड्या खडकावर मातीचा पहिला थर धरतो. अंटार्क्टिकात मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती किती, तर दोन. एक गवत आणि एक उशीसारखं बसकं झाड. हजारो वर्षं या दोघांना कुणाशी जागेसाठी झगडावं लागलं नाही. आता माती तयार होतेय आणि बाहेरचं बी येऊन पडतंय.

‘थंडीत बाहेरचं काही तग धरत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ऐकायला ते अगदी शहाणपणाचं वाटतं. या द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर आर्क्टोव्हस्की नावाचं पोलंडचं संशोधन केंद्र आहे. 1985-86 च्या उन्हाळ्यात तिथे पोआ ॲनुआ हे गवत उगवलेलं दिसलं. थंड देशांत बागेतल्या हिरवळीत, फुटपाथच्या फटीत उगवणारं हे साधं गवत. ते नुसतं टिकलं नाही, पुढे केंद्रापासून दूर, हिमनदी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवरही सापडलं. बर्फ हटला आणि तयार बसलेलं गवत आत शिरलं. आता ते उपटून काढण्याचं काम चालू आहे, पण मातीत पडून राहिलेलं बी पुन्हा रुजतं.

अंटार्क्टिकातल्याच सिग्नी बेटावरची गोष्ट तर शास्त्रज्ञांच्याच हातून घडली. 1960 च्या दशकात प्रयोगासाठी साउथ जॉर्जिया या उत्तरेकडच्या बेटावरून रोपं आणली, त्यांच्या मातीतून न उडणारी एक इवलीशी माशी आली. या माशीत नर लागतच नाही, मादी एकटीच अंडी घालते. म्हणजे एक आली तरी पुरे. तिच्या अळ्या तिथलं कुजकं मॉस खातात आणि मातीत नायट्रोजन वाढवतात. जी माती हजारो वर्षं उपाशी होती आणि त्या उपासमारीला सरावलेली झाडंच जिथे वाढत होती, तिथे खत पडू लागलं.

आणि मॅरियन बेट. हे अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यावरचं, दक्षिण आफ्रिकेचं. सीलच्या शिकाऱ्यांच्या जहाजांतून 19व्या शतकात तिथे उंदीर उतरले. आपल्या घरात असतात तेच छोटे उंदीर. 1949 मध्ये त्यांच्यासाठी 5 मांजरं नेली. मांजरांनी उंदीर कमी आणि पक्षी जास्त खाल्ले, शेवटी 1991 पर्यंत मांजरंच काढावी लागली. बेटावरचे दिवस गरम आणि कोरडे होत गेले तसा उंदरांचा विणीचा काळ लांबला. आता ते रात्री घरट्यात बसलेल्या अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लावर चढतात आणि जिवंतपणी त्याचं मांस कुरतडतात. पिल्लू पळत नाही, झटकून टाकत नाही. जमिनीवरून आपल्याला कुणी खायला येईल हे त्याच्या जातीला ठाऊकच नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ खिडकीत उभी राहिले होते.

प्रजाती पूर्वीपासून फिरत आल्या हा मुद्दा अर्धा खरा. 2017 मध्ये किंग जॉर्ज बेटाच्या किनाऱ्यावर मोठी समुद्री शेवाळं, केल्प, वाहून आलेली सापडली. वादळांच्या लाटांवर जवळजवळ 20,000 किलोमीटर तरंगत आली होती. म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र अभेद्य नाही. पण येणं वेगळं आणि रुजणं वेगळं. आलेलं रुजत नव्हतं ते थंडीमुळे आणि किनारा खरवडणाऱ्या बर्फामुळे. राखण करणारी ही थंडीच आता पातळ होतेय, आणि त्याच वेळी आपण दर हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक तिथे नेतो. त्या पाण्यात फिरणारी जहाजं जगातल्या दीड हजारांहून अधिक बंदरांशी जोडलेली आहेत. याला निसर्गाचं फिरणं म्हणणं मला जमत नाही.

इथे माझ्या मोज्यांबद्दल सांगते. मी मुलुंडला राहते आणि पाऊस सरला की सोसायटीतल्या मुलांना घेऊन नॅशनल पार्कात जाते. गेल्या ऑक्टोबरात परत आल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी आणि माझ्या मुलीने फक्त मोज्यांमधली बियाणं वेचली. कुसळं, आघाड्याचे काटेरी दाणे, काही ओळखू न येणारे. 43 भरली. बुटांच्या शिवणीतली माती वेगळीच, वेल्क्रोत अडकलेली तर चिमट्यानेच काढावी लागली. 2007-08 च्या हंगामात अंटार्क्टिकाला निघालेल्या लोकांचे कपडे, बॅगा, बूट व्हॅक्यूम क्लीनरने असेच झाडले होते. माणशी सरासरी साडेनऊ बिया निघाल्या. शास्त्रज्ञांकडे पर्यटकांपेक्षा जास्त, कारण त्यांचे बूट रानावनात फिरून आलेले.

आता थांबवता येत नाही, हे साफ चूक. साउथ जॉर्जियात जहाजांतून आलेल्या मोठ्या उंदरांनी पक्षी संपवत आणले होते. जगात सर्वांत दक्षिणेला राहणारा गाणारा पक्षी, साउथ जॉर्जिया पिपिट, उंदीर न पोचलेल्या कोपऱ्यांत कसाबसा उरला होता. उंदरांच्या टोळ्या एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या होत्या त्या मधल्या हिमनद्यांमुळे. हिमनद्या मागे सरायला लागल्या, तेव्हा एका खोऱ्यातले उंदीर दुसऱ्यात जाणार हे दिसत होतं. एक खोरं साफ करावं तर शेजारचे पुन्हा आत येणार. म्हणून बर्फ वितळायच्या आत काम उरकायचं ठरलं. 2011 ते 2015 मध्ये तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, हजार चौरस किलोमीटरहून जास्त जागेवर. आपली सगळी मुंबई त्यात मावेल. मग वास काढणारी कुत्री घेऊन शोध घेतला आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. पिपिट परत घरटी करतोय. प्रत्येक वेळी असं होत नाही. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या गॉफ बेटावर 2021 मध्ये हाच प्रयत्न झाला आणि काही महिन्यांत उंदीर पुन्हा दिसले. म्हणून तर मुळात येऊच न देणं सगळ्यात स्वस्त.

राहिली मुंबई. मध्य अमेरिकेकडची एक शिंपली जहाजांच्या तळाला चिकटून आपल्या बंदरात आली, त्याला अर्धशतक उलटलं. जून लागला की आपल्या कुंड्या फस्त करणारी आफ्रिकन गोगलगाय 1847 मध्ये कलकत्त्याच्या एका बागेत सोडलेली. पवईची जलपर्णी दरवर्षी काढतात, दरवर्षी येते. एकदा शिरलेलं बाहेर काढणं काय असतं ते मुंबईकराला सांगावं लागू नये. आणि मैत्री, भारती ही अंटार्क्टिकातली संशोधन केंद्रं आपलीच आहेत, त्यांचा कारभार गोव्यातून चालतो. 2022 च्या आपल्या अंटार्क्टिक कायद्याने परवान्याशिवाय बाहेरचा प्राणी, रोप, सूक्ष्मजीव तिथे नेण्यावर बंदी आहे. मोहिमेवर जाणारी मुलं-मुली आपल्याच कॉलेजांतून शिकलेली असतात, त्यांचे बूट सह्याद्रीत मळलेले असतात.

काका, मेसेजमधला फोटो राहू द्या, हिरवळ वाढतेय हेही राहू द्या. ‘आनंदाची बातमी’ आणि त्यापुढची वाक्यं तेवढी काढा, मग पुढे पाठवा. माहेरच्या ग्रुपवर मी तसंच केलंय.